चार सेकंदांचा कम्प्युटर

थांबा थांबा भाऊ, पेचकस लावू नका—म्हणजे लावा, लावायलाच आणलाय, भुसावळहून जळगावपर्यंत मांडीवर घेऊन आलोय गोधडीत गुंडाळून, जीपमधली एक बाई मला विचारते, बाबा, नातू का? मी म्हन्लं नातूच समज, फक्त रडत नाही, उठवला की चार सेकंदांत परत झोपतो—पण उघडायच्या आधी माझं ऐकून घ्या. डॉक्टर काय करतो? आधी नाडी बघतो, विचारपूस करतो, मग सुई टोचतो. बरोबर की नाही? मग! तुमच्या तोंडात स्क्रू आहेत, बोलू नका, गिळून बसाल. नुसती मान हलवा, मला कळतं. तेहतीस वर्षं दीपनगरच्या पॉवर स्टेशनात काढली मी, कंट्रोल रूमला, बाहेर टर्बाइनच्या आवाजात सगळा कारभार मानेवरच चालायचा. सुकदेव भदाणे. मूळचा धुळ्याकडचा, रिटायर झाल्यापासून भुसावळात घर. नाना म्हणा, सगळे नानाच म्हणतात. तुम्ही हितेंद्रभाऊ ना? बाहेर पाटीवर वाचलं.

तर रोग असा. बटण दाबलं की सुरू होतो. झकास सुरू होतो हो! तिन्ही पंखे फिरतात, आत निळे-जांभळे दिवे लागतात, गणपतीची आरास बघावी—आणि एक, दोन, तीन, चार—थप्प! बंद. लगेच पुन्हा दाबा, ऐकत नाही. रुसतो. दहा-पंधरा सेकंद ढिम्म. मग दाबा—एक, दोन, तीन, चार—थप्प. पाच नाही, तीन नाही, चार! मी घड्याळ लावून बघितलंय. हे बघा, वहीत लिहून आणलंय, लॉगबुकाची सवय जात नाही माणसाची—तारीख, वेळ, किती सेकंद चालला, शेरा. बुधवार सकाळपासून एकशे सव्वीस वेळा. शेऱ्यात सगळीकडे ‘थप्प’ लिहिलंय, दुसरं काय लिहू?

कुठल्या दुकानातून जोडून आणला? दुकानातून नाही हो. सुनेनं जोडलाय. आमच्या दिपमालानं. हं, हसा, हसा, पण स्क्रू सांभाळा. सगळे असेच हसले. शेजारचा ललित तर म्हणाला, नाना, बायकांनी कुकर जोडावा. मी म्हन्लं, ललितभाऊ, तुमच्या घरचा कुकर कोण जोडतं ते मला माहीत आहे, तुमची शिट्टी आमच्या घरापर्यंत ऐकू येते. एकेक भाग मागवला तिनं, कुठून कुठून. डबे यायचे, मी सही करायचो, टेबलावर मांडून ठेवायचो. मग एक दिवस स्वयंपाकघराचं टेबल पुसलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, नाना, स्क्रू तुम्ही सांभाळा. मी काय केलं? कमलबाईचा—म्हणजे आमच्या घरवालीचा—जुना मिसळणाचा डबा घेतला, वाट्यांचा. हळदीच्या वाटीत बारके स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत मोठे, मोहरीच्या वाटीत ते पितळी खुंट्या असतात ना मदरबोर्डाखालच्या, त्या. ती नुसता हात पुढे करायची, “मोहरी.” मी मोहरी द्यायचो. “जिरं.” जिरं द्यायचो. ऑपरेशनच चाललंय जसं! चार वर्षं झाली रिटायर होऊन, चार वर्षांत मला कोणी म्हन्लं नव्हतं की नाना, हे धरा. घरात सगळे म्हणतात नाना, तुम्ही बसा. बसा, बसा, बसा. बसून बसून खुर्चीला खड्डा पडलाय.

आणि मंगळवारी संध्याकाळी पहिल्या फटक्यात सुरू झाला! पहिल्या फटक्यात, भाऊ! दोन तास चालला. सगळं टाकलं तिनं त्यात, तिचं ते घरांचं सॉफ्टवेअर—ती काय करते माहीत आहे? लोकांचं घर बांधायच्या आधीच दाखवते. नुसता प्लॉट असतो, बाभळी उगवलेल्या, आणि ही पडद्यावर बंगला उभा करते, खिडकीतून ऊन आत येतं, त्या उन्हात खुर्ची, खुर्चीची सावली. जुना लॅपटॉप एक सावली काढायला अर्धा दिवस घ्यायचा, म्हणून हा. मोठ्या फर्मनं काम देऊन बघायचं ठरवलंय तिला. परवा सोमवारी अकरा वाजता एका बंगल्याची फिल्म पाठवायची. आवडली तर कायमचं काम, घरी बसून, भुसावळात. नाही झालं तर पुणे. आमचा तेजस तिथे आहे ना, तो म्हणतो, तू पण ये, इथल्या ऑफिसात चिकटून जा. चांगला आहे पोरगा, शनिवार-रविवार घरी येतो, ह्याच खेपेला तेवढा अडकलाय, पण सोमवारी पहाटे जातो तो परत शुक्रवारी रात्रीच आठवतो त्याला रस्ता. तर हा चालला तर ती राहते, नाही चालला तर जाते, आहे हे असं आहे. जावो, मला काय! मी कशाला अडवू? मला काय फरक पडतो? कमलबाईलाच करमायचं नाही. मी आपला बसेन. बसायची सवय आहे.

हां, दाबा, दाबा, तुम्ही स्वतः बघा. मी मोजतो. एक—दोन—तीन—चार—थप्प! बघा! मी म्हन्लं नव्हतं? एकशे सत्तावीस. द्या ती वही.

काय काय केलं म्हणता? काय नाही केलं ते विचारा! रॅम काढून लावली, एक काढली, दुसरी काढली, जागा बदलली. तो बारका सेल काढून अर्धा तास बाहेर ठेवला. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. ग्राफिकचं कार्ड काढून बघितलं. तिच्या भावाकडून पॉवर सप्लाय मागवला, नवाकोरा, तोही लावला—चार, थप्प. तिला वाटलं बोर्ड कुठे पत्र्याला चिकटतोय, तर सगळा बोर्ड बाहेर काढून मोहरी मोजली—नऊच्या नऊ बरोबर. मी म्हन्लं अर्थिंग! पॉवर स्टेशनचा माणूस, मला अर्थिंगशिवाय काय सुचणार? अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला, मीठ घातलं, कोळसा घातला, दोन हंडे पाणी ओतलं. तुळस जरा सुकली त्यानं, बाकी काही नाही. कमलबाईचं तिसरंच. तिनं मिरच्या ओवाळल्या—“तुम्हनी सूनले नजर लागनी, बठ्ठा गावमा सांगत फिरनात तुम्ही!” फिरलो, सांगत फिरलो, खोटं कशाला बोलू? कट्ट्यावर सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, गिरणीवर सांगितलं, की आमच्या सुनेनं कम्प्युटर बांधला. आणि आता तेच सगळे रोज विचारतात, काय नाना, किती सेकंद? ललित बोटं दाखवतो लांबून. चार बोटं.

मला त्याचं काही नाही हो. पण काल संध्याकाळी ती टेबलाशी बसली, समोर सगळे भाग मांडलेले, आणि म्हणाली, नाना, मला नाही जमलं. मला वाटलं होतं येतं आपल्याला, पण नाही येत. परत करून टाकू. असं म्हणाली आणि मिसळणाचा डबा बंद केला. रडली नाही. रडली असती तर बरं होतं, भाऊ. आज सकाळी माहेरी गेली, एरंडोलला, भाच्याचं बारसं आहे. ती गेल्या गेल्या मी हा गोधडीत घातला. म्हणजे तिला माहीत नाही. म्हणजे सांगणार आहे. संध्याकाळी ती यायच्या आत टेबलावर चालू करून ठेवतो आणि मग सांगतो. की नाही?

आता हे काय? बटणाची वायर काहून काढली तुम्ही? अहो ती बोर्डावरून काढली तर चालू कसा होईल? पेचकसानं? नुसतं पेचकसाचं टोक त्या दोन काड्यांना टेकवायचं? शॉक नाही ना बसत—बरं बरं, तुमचं दुकान, तुमचा पेचकस. टेकवा. हां! झाला सुरू! तो होतोच हो, सुरू व्हायचा प्रश्नच नाही, थांबा आता—एक, दोन, तीन, चार—पाच. सहा? सात! आठ, नऊ—भाऊ! अहो भाऊ! दहा! अकरा! अहो चालतोय हा! बारा—मिठी मारू का तुम्हाला? नाही मारत, स्क्रू आहेत तोंडात. पंधरा! सोळा! अहो एरंडोलला ऐकू जाईल असं ओरडावंसं वाटतंय! अक्का, ओ अक्का, तुम्ही माउस घ्यायला आलात ना, जरा इकडे बघा, चालू आहे की नाही? आहे ना! आमच्या सुनेनं बांधलाय! म्हणजे बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, मोहरी चांगली, सगळं तिनं बरोबर केलेलं! मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कुठला होता? बटण? नुसतं बटण? दाबलेलं राहतं? म्हणजे कसं? बोट काढलं तरी ते आतच अडकतं, हळूहळू वर येतं, आणि बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन समजतं, मालकानं मुद्दाम बंद करायला सांगितलं. अरे बाप्पा. म्हणजे बिचारा हुकूम पाळत होता. आणि आम्ही त्याच्यावरून मिरच्या ओवाळत होतो.

काय? बटणावर कोणी काही सांडलं का? नाही! छे! कोण सांडणार? घरात कोणी हातच लावत नाही. दिपमालानं ताकीद दिली होती पहिल्याच दिवशी, की ह्याच्याजवळ पाणी नको, तेल नको, हळद-कुंकू तर अजिबात नको. मला विचारलं पण होतं तिनं बुधवारी, नाना, तुम्ही हात लावला होता का? मी म्हन्लं नाही. मी कशाला लावू? आम्ही टेक्निकल माणसं. तुम्ही नका खोलत बसू ते बटण, दुसरं टाकून द्या नवीन. राहू द्या हो. कापूस कशाला घालता त्यात—

लाल? हं. लालच आहे. कंपनीचा रंग असेल. आजकाल रंगाचं काही खरं नाही. अजून लाल. आणि ते काय, पांढरं, पेचकसाच्या टोकावर? तांदूळ आहे तो.

असे बघू नका हो माझ्याकडे. अक्का, तुम्ही माउस बघा तुमचा. सांगतो. बुधवारी काय होतं? खंडेनवमी. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, आम्ही काय पुजायचो? पॅनल! तेहतीस वर्षं, भाऊ, खंडेनवमीला पहाटे पाच वाजता आंघोळ करून कंट्रोल रूमला जायचं आणि स्टार्टच्या बटणाला गंध-अक्षता लावायच्या. तो मान माझा. साहेब बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, नाना, लावा. हे एवढं बटण असायचं, पेढ्याएवढं, त्याच्यावर कुंकू लावा, अक्षता लावा, नारळाचं पाणी शिंपडा, ते कशाला अडकतंय! रिटायर झालो आणि चार खंडेनवम्या कोरड्या गेल्या. घरात काय पुजणार? मिक्सर पुजला एकदा, कमलबाई हसली. आणि ह्या वर्षी घरात मशीन! स्वतः जोडलेलं, माझ्या हातचे स्क्रू त्याला! पहाटे उठलो. सगळे झोपलेले. मला ताकीद आठवली, नाही असं नाही. मी म्हन्लं, एवढंसं बोट लावतो, तिला कळणार पण नाही. नारळाच्या पाण्यात कुंकू कालवलं, नुसत्या पाण्यात गंध पातळ होतं म्हणून, त्यात चार दाणे अक्षता, आणि लावलं बटणाला. नमस्कार केला. म्हन्लं, हिला यश दे. आणि कमलबाईच्या बांगड्या वाजल्या, ती उठली, तर मी घाईघाईनं अंगठ्यानं पुसलं. वरचं पुसलं गेलं. तांदूळ आत गेला असेल, मला काय माहीत! नारळाचं पाणी वाळलं की चिकट होतं हेही आत्ता आठवतंय. आणि त्याच्यावर कळस सांगू? रोज तो बंद पडायचा ना, तर मी रोज पहाटे आणखी एक बोट लावत होतो, कालपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ऐका ना भाऊ. एक काम करा. कागदावर लिहून द्या, बटणात दोष होता. कंपनीचाच दोष. खोटं कुठे आहे? दोष होताच बटणात. तांदळाचं नाव काढू नका. ती मला परत मोहरी धरायला देणार नाही हो. बसा म्हणेल. लिहाल ना? नुसतं ‘बटण खराब’ एवढं—आता फोन कोणाचा? अरे बाप्पा. तिचाच. चोराच्या मनात चांदणं! बोलू नका कोणी. अक्का, तुम्ही पण.

हां बोल, बेटा. झालं का बारसं? काय ठेवलं नाव? छान, छान. मी? मी घरीच—म्हणजे जरा बाहेर आलोय. काय? तेजसला सांगितलंस? काय सांगितलंस? खोली बघायला? अगं थांब, घाई कशाला—सोमवारच्या लोकांना पण कळवतेस? आत्ता? नको, थांब, फोन करू नकोस त्यांना. ऐक. मी जळगावला आलोय कम्प्युटर घेऊन. हो, तुला न विचारता. चालू झाला! हो गं, चालू आहे, माझ्यासमोर आहे, दहा मिनिटं झाली. बटण. नुसतं बटण खराब होतं. हो. अं? नाही, तू बसवलंस म्हणून नाही—नाही गं, वायर तुझी बरोबरच होती—अगं तुझ्या हातून कशाला काय चुकेल—

ऐक माझं. दिपमाला. तुन्हं काहीच चुकनं नही. मन्हं चुकनं, बेटा. तांदूळ होता बटणात. खंडेनवमीचा. मीच लावला गंध, तू नको म्हन्लीस तरी लावला, आणि तू विचारलंस तेव्हा तुझ्या तोंडावर खोटं बोललो. तीन दिवस तू एकेक भाग काढून स्वतःला दोष देत होतीस आणि मी शेजारी उभा राहून तुला जिरं देत होतो. मशीन तू जोडलंस ते पहिल्यापासून बरोबर होतं. सगळ्यांना सांग. मी सांगतो सगळ्यांना, कट्ट्यावर सांगतो, ललितच्या दारात जाऊन सांगतो. तू फक्त तो सोमवारचा फोन करू नकोस.

हॅलो? हॅलो, बेटा?

बोलत नाही हो. फोन चालू आहे, मागे बाळ रडतंय, बायका गाणं म्हणताहेत, ती बोलत नाही. एक, दोन, तीन, चार—पाच—

हसतेय! भाऊ, हसतेय ती! अहो हुंदका वाटला मला, पण हसतेय! काय म्हणालीस? तांदूळ कुठला? लांब दाणा, कमलबाईच्या खिरीचा. काय? ऐकायचाय? थांब, धरतो. हे बघा भाऊ, फोन पंख्याशी धरतो, तुम्ही श्वास पण घेऊ नका. ऐक. ऐकलास? तिन्ही आहेत. हो, तिन्ही. रडू नकोस गं आता, आत्ता तर हसत होतीस. कशी येतेस? भावाच्या गाडीवर? इकडेच? बरं, मग ये, पत्ता पाठवतो. सावकाश ये, हायवेला ट्रक असतात. आणि ऐक, येताना तो फर्मचा फोन—नाही केलास ना? नको करूस. ठेवतो. काय? हो. हो गं. पुढच्या खंडेनवमीला तुझ्यासमोरच लावीन. कॅबिनेटच्या पाठीला? बरं, पाठीला. कोरडं कुंकू. कबूल.

येतेय. एरंडोलहून म्हणजे पाऊण तास धरा, एक धरा. काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, नाना, सोमवारी तुम्ही शेजारी बसा, फिल्म जाईपर्यंत. बसा म्हणाली, पण हे बसा वेगळं आहे, भाऊ, तुम्हाला नाही कळणार—अहो अहो अहो! बंद काहून करता? नवीन बटण बसवायला? बसवा, मागाहून बसवा, ती आल्यावर बसवा! आत्ता बंद नका करू. तिला चालू दिसला पाहिजे. दारातून आत आली की पहिले दिवे दिसले पाहिजेत, आरास. लाईट जाईल म्हणता? इन्व्हर्टर आहे ना तुमच्याकडे? मग झालं. तुम्ही असं करा, काढा ते स्क्रू तोंडातून, इथे माझ्या हातात द्या, आणि खाली जाऊन चहा पिऊन या निवांत. अक्कांना पण घेऊन जा. दुकानाची काळजी करू नका, चालू मशीनसमोर नुसतं बसायचं, तेहतीस वर्षं हेच केलंय मी. जा म्हन्लं ना! हात नाही लावत हो. हे बघा, स्क्रू खिशात, आणि दोन्ही हात मांडीखाली.